दारकाआक्काचं गाठोडं

दारकाआक्का आमच्या गल्लीत वर्षातले सहाच महिने राहायची. दसरा झाला की तिच्या दाराला कुलूप लागायचं, ते होळीच्या मागंपुढं, कारखाना बंद झाला की निघायचं. मधले सगळे दिवस ती आणि तिचा नवरा, आमचे मारोतीमामा, खाली सांगलीकडं ऊस तोडायला असायचे. चारठाण्याच्या पुढं आमचं गाव. तिथली निम्मी घरं हिवाळाभर अशीच बंद असतात, त्यामुळं तिच्या जाण्याचं कुणाला काही वाटायचं नाही. येण्याची मात्र आम्ही सगळ्या बायका वाट बघायचो.

तिची आणि आमची भिंत एकच. मी गावच्या अंगणवाडीत सेविका. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा सगळ्या मला ‘नवी सून’ म्हणत होत्या. पहिल्याच दिवशी भिंतीवरून डोकावून “मीरा नाव ना गं तुझं?” असं विचारणारी ही एकटीच.

मजुरांचा ट्रॅक्टर पारापाशी थांबायचा. उतरणारी माणसं ओळखू यायची नाहीत. चेहरे करपलेले, केसांत पाचटाची कुसं, अंगावर उसाच्या पानानं कापल्याचे बारीक ओरखडे. घरी जाऊन ती माणसं जी आडवी व्हायची ती दोन-दोन दिवस उठायची नाहीत. आक्का कुलूप काढायची, घर झाडायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि “थकले गं माय” म्हणत ओट्यावर बसून गाठोडं सोडायची. हे “थकले गं माय” ती बसताना म्हणायची, उठताना म्हणायची, कुठलंही नवं काम हातात घ्यायच्या आधीसुद्धा म्हणायची. तिनं ते म्हटलं म्हणजे आता काहीतरी सुरू होणार, एवढंच आम्हाला कळायचं.

गाठोडं म्हणजे जुनं लुगडं. त्यात आम्हा सगळ्यांसाठी काहीतरी असायचं, आणि सगळं तिच्या हातचं. गोण्यांचे दोरे, फाटक्या पोलक्यांच्या बाह्या, कुणाच्या टाकून दिलेल्या साडीचा काठ, तुटलेल्या माळेचे मणी, जे हाताला लागेल त्यातून केलेलं. पारूबाईची कंबर धरलेली असायची, तर तिला पाठीशी घ्यायला चिंध्या ठासून भरलेली छोटी उशी. कोंडाबाई डोक्यावरून पाणी आणायची, तिला कडेनं मणी लावलेली चुंबळ. रजियाभाभी बांगड्या विकत खेडोपाडी हिंडायच्या, त्यांना आत कप्पे शिवलेली पिशवी, म्हणजे बांगड्या एकमेकींवर आपटणार नाहीत. माझ्या अंगणवाडीसाठी चिंध्यांचे चेंडू नाहीतर बाहुल्या. त्या बाहुल्यांना नाकाच्या जागी बटण असायचं आणि ते कधीच मधोमध नसायचं.

“आक्का, नाक वाकडं झालंय की गं,” मी म्हणायची.

“मग? तुझं लय सरळ हाय व्हय?”

काम करता करता बोलताना तिच्या तोंडात दोऱ्याचं टोक असायचं. त्यामुळं तिचं बोलणं चावून बाहेर आल्यासारखं यायचं. तिनं दोरा तोंडातून काढला की समजायचं, आता नीट ऐकायला पाहिजे.

तिचा उजवा अंगठा धड नव्हता. कोयता निसटून कधीतरी नस कापली गेली होती, तेव्हापासून तो वाकायचा नाही. सुई ती अंगठ्याशेजारच्या आणि मधल्या बोटात धरायची. हे असं सगळं ती कधी करते, हा प्रश्न मला पहिली काही वर्षं पडलेला होता. उसाच्या फडात दिवस पहाटेच्या आधी सुरू होतो, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. त्यात शिवायला वेळ कुठला? एकदा मारोतीमामांनीच सांगितलं.

“कारखान्यावर गाड्याची लाईन आसतीय,” ते म्हणाले. “नंबर लागंस्तवर दोपार जाती. सगळी मान्सं गाडीखाली सावलीला झोपत्यात. आन ही बया सुईत दोरा ववत बसती. मी म्हनतो, आगं झोप की घटकाभर. तर म्हनती, हात बसले की लय दुखत्यात, चालू ऱ्हायले की कळत न्हाई.”

“खोटं हाय का मग?” आक्का आतून म्हणाली.

“आन बसल्या बसल्या झोपती. सुई तशीच हातात.”

ते मात्र खोटं नव्हतं. तिनं शिवलेल्या कुठल्याही वाकळेवर तो पुरावा असायचा. टाक्यांची ओळ सरळ चाललेली असायची आणि मधेच एका जागी ती तिरकी व्हायची, भलतीकडं जायची, मग परत जागेवर यायची. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा तिनं त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हितं डोळा लागला व्हता.”

तिला उसवून नीट करता आलं असतं. तिनं कधी केलं नाही. एवढं थकल्यावर केलेलं काम परत उसवायचं तिच्या जिवावर यायचं, असं मला वाटतं.

तिच्या देण्याला सगळ्यांनी आमच्यासारखा मान दिला असं नाही. तिचा धाकटा भाऊ नामदेव चुडाव्याला राहायचा. त्यानं स्लॅबचं घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला ती निघाली आणि सोबत म्हणून मला घेऊन गेली. परभणीपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. गाडीत तिनं मला सांगितलं की नामदेवला तिनं एक मोठी वाकळ दिलीय, आईच्या लुगड्यांची. आई गेल्यावर लुगडी वाटून घेतली तेव्हा आपल्या वाटणीची सगळी तिनं त्या वाकळेत घातली होती. “मह्याकडं नुसत्या पेटीत पडली आसती,” ती म्हणाली. “त्याच्या घरात लेकरं हायती. त्यायला आजीची ऊब.”

आम्ही पोचलो, पाय धुवायला मागच्या अंगाला गेलो. तिथं गोठ्यात नुकतंच जन्मलेलं वासरू उभं होतं आणि त्याच्या पाठीवर ती वाकळ होती. ही तीच आईच्या लुगड्यांची, हे मला आक्काच्या तोंडाकडं बघून कळलं. भावजय मागोमाग आली, तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

“आवो वन्सं, लेकरायनं टाकली बगा. मी धुऊन ठेवली व्हती...”

 आक्का जवळ गेली, वाकळेचं फाटलेलं टोक हातात घेऊन बघितलं. पोलक्याला टोचलेली सुई काढली, पदराच्या शेवातनं दोरा उपसला आणि त्या वासराच्या पाठीवरच ते टोक शिवून टाकलं. वासरू निमूट उभं राहिलं. मग “चला, पूजा सुरू झाली आसंल,” म्हणून ती आत गेली. जेवली, सगळ्यांशी हसून बोलली, भावाच्या लेकरांच्या तोंडावरून हात फिरवला.

परतीच्या गाडीत पूर्णा येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, “वासराला ऊब आली आसंल.”

मी म्हटलं, “हो.”

“पर मी ते वासरासाठी न्हवतं केलं गं.” पिंगळी मागं पडलं तरी ती तशीच बसून होती. परभणीला उतरता उतरता म्हणाली, “आता नामदेवला काय बी करायचं न्हाई. बास झालं.”

पुढच्या होळीला गाठोड्यातून नामदेवच्या दोन्ही लेकरांसाठी टोप्या निघाल्या. मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं.

तिला एकच लेक, उज्ज्वला. आम्ही उजू म्हणायचो. आईबाप ऊसतोडीला गेले की उजू आजीजवळ, म्हणजे मारोतीमामांच्या आईजवळ राहायची. शाळेत जाणारी, हुशार, तोंडानं फटकळ पोरगी. आजी गेली त्या सालापर्यंत उजू मोठी झाली होती. तिचं लग्न पिंगळीला झालं. लग्न उन्हाळ्यात होतं म्हणून आक्का होती. रुखवतातला एक-एक जिन्नस तिनं स्वतः केला होता आणि मांडवातल्या बाया जेवण सोडून बघायला आल्या होत्या. तिला मी इतकी खूश पुन्हा कधी बघितली नाही.

उजूचं पहिलं बाळंतपण पौषात आलं. आमच्याकडं पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. माहेराला कुलूप होतं. आक्कानं तिकडून फोन केला, टोळीच्या मुकादमाला विचारून बघितलं, मामांनीही विचारलं. हंगाम भरात होता, जोडी मोडली तर टोळी अडते, असं उत्तर आलं. उजू सासरीच राहिली, परभणीच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगा झाला. आक्कानं फोनवर बाळाचं रडणं ऐकलं म्हणे. मामा सांगत होते की त्या दिवशी दुपारी गाडीखाली बसून तिनं कुंची शिवायला घेतली. कुंची म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी टोपी. मोरपंखी खणाची, आतून मऊ सुती अस्तर, कडेनं बारीक झालर, शेंड्याला गोंडा. मी ती उलटसुलट करून बघितली. तिच्या हातून इतकं देखणं काही झालं नव्हतं आणि त्यात एकही टाका तिरका गेला नव्हता.

“ह्यात झोपले न्हाई मी,” ती म्हणाली.

ती गावात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही पिंगळीला गेलो. मला परभणीला बैठक होती, तिला लेकीकडं जायचं होतं. उजूच्या सासूनं चहा टाकला. उजू बाळाला घेऊन बाहेर आली. बाळ चांगलं गुटगुटीत, मान धरलेलं, सगळ्यांकडं टकामका बघणारं. आक्कानं त्याला मांडीवर घेतलं, पिशवीतून कुंची काढली आणि त्याच्या डोक्यावर घालायला गेली. ती कपाळावरच अडली. तिनं जरा ओढून बघितलं. बाळ रडायला लागलं.

“लहान झाली वाटतं,” सासूबाई म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या, लय छान हाय. आठवण म्हणून ठिवू.”

“उसवून मोठी करते की,” आक्का म्हणाली. “बाजूनं पट्टी लावली की बसंल. उजे, ब्लेड हाय का गं घरात?”

“ऱ्हाऊ दे आय.”

“आगं घटकाभराचं काम हाय.”

“ऱ्हाऊ दे म्हनलं ना.” उजूनं बाळ परत आपल्याकडं घेतलं. ती ओरडली नाही, तिचा आवाज अगदी बारीक होता. “मह्या झग्याला बी आसंच करायचीस तू. दर होळीला नवा झगा आनायचीस आन दर होळीला तो आखूड व्हायचा. मग खाली पट्टी. सगळी शाळा मला पट्टीवाली म्हनायची.”

“सांगितलं न्हाई कवा...”

“काय सांगायचं? तू आल्यावर चारच दिस हासत आसायचीस, ते बी कशाला मोडू?” उजूचे डोळे भरून आले होते. “मला कुंची नको व्हती आय. मला तू पायजे व्हतीस. मी दवाखान्यात आय आय करून वरडले, तर ही मही सासू म्हनली, मीच तुझी आय हाय समज.”

सासूबाईंनी मान खाली घातली. बाळ आईच्या खांद्यावर हुंदके देत होतं. आक्कानं कुंचीची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मग ती उठली, लेकीच्या जवळ गेली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसतीच उभी राहिली. उजूनं तो हात झटकला नाही. 

पिंगळीच्या स्टेशनावर गाडीला उशीर होता. बाकावर बसल्यावर आक्काच्या तोंडात दोरा नव्हता, हातात काही काम नव्हतं. ती आपल्या तळव्यांकडं बघत होती.

“मीरा,” ती म्हणाली, “मी जाते तवा जेवढी आसती, तेवढीच मह्या डोळ्यासमोर ऱ्हाती बग ती. तेवढंच माप धरून मी शिवते. लेकरू हितं वाढत आसतंय आन मी तिकडं तेवढीच धरून बसते.”

 मी म्हटलं, “तू तरी काय करणार होतीस आक्का?”

“ते खरं हाय,” ती म्हणाली. “पर तिचं बी खरं हाय.”

त्या पावसाळ्यात तिनं काही शिवलं नाही. पंचमीला कुणीतरी पोरीच्या रुखवतासाठी तोरण करून दे म्हणून आलं, तिनं “हात दुखायलेत” म्हणून परत पाठवलं. पारूबाईनं उशी फाटल्याचं सांगितलं, तिला म्हणाली, “आन हिकडं, शिवून देते,” आणि शिवून दिलीही, पण नवं काही हातात घेतलं नाही. रानात खुरपायला जायची, आली की ओट्यावर बसायची. मला तेव्हा पहिल्यांदा ती म्हातारी दिसली. हंगाम आला तशी ती गेली आणि आली, पण गाठोड्यात नुसते कपडे होते. गल्लीत कुणी विचारलं नाही. सगळ्यांना थोडं-थोडं कळलं होतं. पुढच्या सालीही तसंच.

मग उजूला परत दिवस राहिले. या वेळीही दिवस हिवाळ्यातच भरत होते.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी भिंतीपलीकडून मला त्या दोघांचं बोलणं ऐकू आलं. मी अंगणात डाळ निवडत होते.

“यंदा मी येत न्हाई,” आक्का म्हणाली.

“येत न्हाई म्हंजे?”

“म्हंजे न्हाई येत. उजू हितं येनार हाय बाळंतपनाला. घर उघडं पायजे.”

“आगं, कोयता म्हंजे जोडी आसती. तू तोडली न्हाई तर मोळ्या कोन बांधनार? मी येकटा काय करू तिथं?”

“पुतन्याला घ्या संगं. त्याची बायकू बी यंदा घरीच हाय, त्याला बी जोडी न्हाई.”

“मुकादम काय म्हनंल?”

“म्हनू दे. गेल्या बारीला त्याला इचारलं, मी गेले न्हाई. आता इचारतच न्हाई.”

 मामा म्हणाले, “मी कवा तुला आडवलं का गं? मला बी वाटत व्हतं जावं म्हनून. नातू मला बी झाला व्हता.”

“तुमाला कोन बोललं काय?” तिचा आवाज खाली आला. “मी तुमाला काय बी म्हनले न्हाई.”

दसरा झाला, ट्रॅक्टर आला. मामा पुतण्याबरोबर ट्रॉलीत चढले. त्यांच्या बोचक्यात या वेळी तवा, परात, पिठाचा डबा हे सगळं आक्कानं स्वतः बांधून दिलं होतं. “भाकरी थापाय येत्यात का पर?” तिनं विचारलं. “शिकतो,” मामा म्हणाले. त्यांच्या म्हाताऱ्या तोंडावर त्या वेळी जे काही होतं त्याला राग म्हणता येत नव्हतं.

हिवाळ्यात आपलं घर कसं असतं हे आक्काला माहीत नव्हतं. लग्न झाल्यापासून तिनं ते बघितलंच नव्हतं. थंडी पडली तशी ती सकाळी उठून ऊन शोधत फिरायची. “आगं मीरा, मही वसरी तर अकरा वाजेस्तवर सावलीतच आसती,” असं तिनं मला एखादी मोठी बातमी सांगावी तसं सांगितलं. मग मागच्या दारात ऊन लवकर येतं याचा तिला शोध लागला. उजू आली तेव्हा तिनं लेकीची बाज तिथंच टाकली. उजूचा पोरगा त्या बाजेखाली खेळायचा. मायलेकी उन्हात बसायच्या. बोलायच्या कमीच. पण आक्का तिचे पाय दाबायची आणि उजू दाबू द्यायची.

मी एकदा विचारलं, “बाळासाठी काय करायलीस मग?”

“काय बी न्हाई. येऊ दे आधी. बघू दे केवढं हाय ते.”

जिंतूरच्या दवाखान्यात उजूला मुलगी झाली. मी सोबत होते. कळा सुरू झाल्यावर नर्सबाईंनी बाकीच्यांना बाहेर काढलं, आक्काला राहू दिलं. उजूनं तिचा हात असा आवळला होता की काचेच्या बांगड्या मनगटावरच फुटल्या आणि रक्त आलं. ती बाहेर आली तेव्हा पदरानं मनगट दाबून धरलं होतं आणि तिला ते दुखतंय याची शुद्ध नव्हती. “पोरगी झाली,” ती म्हणाली. “लय बारीक हाय. हातभर बी न्हाई.” आणि भिंतीला टेकून खालीच बसली. “थकले गं माय,” म्हणाली, आणि त्यापुढं काही सुरू झालं नाही. ती नुसती बसून राहिली.

बारशाला गल्लीतल्या आम्ही बायकांनी एक ठरवलं होतं. तिला न सांगता प्रत्येकीनं काहीतरी हातानं करायचं. आम्हाला कुणालाही तिच्यासारखं येत नव्हतं. रजियाभाभींनी झबलं शिवलं, त्याची एक बाही मोठी झाली. पारूबाईनं जुन्या धोतराचं दुपटं केलं. कोंडाबाईनं पाळण्याला बांधायला चिमण्या केल्या, त्या चिमण्यांपेक्षा वांग्यांसारख्या दिसत होत्या. मी बाहुली केली. पाळणा झाला, नाव ठेवलं, मग आम्ही एकेक जणीनं पुढं होऊन ते सगळं आक्काच्या मांडीवर ठेवलं.

तिनं एकेक वस्तू उचलली. उलटी करून मागची बाजू बघितली. झबल्याच्या दोन्ही बाह्या जोडून बघितल्या. दुपट्यावरून बोट फिरवलं.

“टाके लय मोठे घातलेत गं पारू. लेकराचं बोट आडकंल.”

“मला कुठं येतंय तुह्यावानी,” पारूबाई म्हणाली.

“कवा केलंत हे?”

“दुपारचं,” मी म्हटलं. “अंगणवाडी सुटली की सगळ्या जमायचो.”

“मी तर हितंच व्हते. मला कळलं बी न्हाई.” एवढं बोलून ती थांबली. पदर तोंडाला लावला. आम्ही इकडं तिकडं बघायला लागलो. तिला कधी कुणी काही करून दिलं नव्हतं, हे त्या क्षणी गल्लीतल्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असावं. उजूनं वातावरण सावरलं. “आय, आता तू बी कायतरी शिव की तिला. का ह्यायच्यावरच भागवनार?”

“शिवते की,” आक्का म्हणाली. “पर हात मोकळा कुठाय?” पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती आणि तिचं डोकं आक्काच्या त्या न वाकणाऱ्या अंगठ्यावर टेकलं होतं.

तिनं त्या नातीला पुढं काही शिवलं की नाही, मला माहीत नाही. मी तरी बघितलं नाही.

मामा होळीला परत आले ते वाकूनच. पाठीत काहीतरी भरलं होतं, ते पूर्ण बरं झालं नाही. पुढच्या सालचा कोयता घ्यायचा की नाही हा प्रश्न त्या पाठीनंच सोडवला. उजूच्या नवऱ्याला पुण्याकडं एका कंपनीत काम लागलं, उजूलाही तिथंच पॅकिंगचं मिळत होतं, पण दोन लेकरं सांभाळायला कोणी नव्हतं. तिनं आईला विचारलं. आक्कानं मामांना विचारलं. मामा म्हणाले, “जा. घर आन रान मी बगतो. भाकरी येत्यात आता मला.”

उजूबरोबर आक्का निघाली त्या दिवशी मी जिंतूरच्या स्टँडपर्यंत सोडायला गेले. पुण्याची गाडी उशिरा लागणार होती. उजूचा नवरा जागा धरायला धावत होता, उजू पोराला घेऊन पाण्याची बाटली आणायला गेली. आक्का सामानाच्या पिशव्यांवर बसली होती, नात तिच्या खांद्यावर.

“बरं वाटंल का गं तिथं?” मी विचारलं.

“बरं काय आन वाईट काय. सकाळी डबे, मंग धुनं, मंग ही दोगं. तिथं बी कामच हाय मीरा.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “मला आता कुठं बी बसवा, मी थकलेलीच आसनार. पर ही उठली की मी दिसंन तिला.”

गाडी लागली. गर्दी इतकी होती की तिचा निरोप नीट घेता आला नाही. उजूच्या नवऱ्यानं तिला आत ढकलून खिडकीपाशी बसवलं. मी खाली उभी राहून हात हलवत होते, “पोचल्यावर फोन कर,” असं ओरडत होते. तिनं मला बघितलं. नात तिच्या छातीशी झोपली होती, दोन्ही हात त्या पोरीखाली गुंतले होते. गाडी हलली तेव्हा तिनं हात काढायचा प्रयत्न केला, पोरगी चुळबुळली, तशी ती थांबली आणि माझ्याकडं बघून नुसती हनुवटी वर केली. मग मान वळवून पोरीकडं बघायला लागली, आणि गाडी स्टँडच्या बाहेर वळली.